निळा अंगठा

चाकूर तालुक्यातलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही.

मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी एक विधवा बाई आली. सासूच्या दहाव्यालाच सावकाराने तिला घर खाली करायला सांगितलं होतं. सासूने मरणाच्या आठ दिवस आधी घर तारण ठेवून कर्ज उचलल्याचा कागद त्याच्याकडे होता आणि खाली तिचा अंगठा होता.

"साहेब, आत्याबाईला शेवटची अंघोळ म्याच घातली," बाई म्हणाली. "अंगठा निळा व्हता. मला वाटलं, मेल्यावर बोटं निळी पडत असतील. साबण लावला तर निघून गेलं. शाईच व्हती ती."

म्हणजे पुरावा तिनेच धुऊन टाकला होता.

सावकार परवानाधारक होता. त्याला नोंदवही ठेवावी लागते, पावती द्यावी लागते, कोऱ्या कागदावर अंगठा घेता येत नाही. सहकार खात्याच्या साहेबांना घेऊन मी वही तपासली. सगळं चोख. ठसेतज्ज्ञांनीही जुन्या कागदाशी ताडून कळवलं की ठसा सासूचाच आहे.

मग सावकाराला ठाण्यात बोलावून चहा दिला. इतकी चोख वही ठेवणाऱ्यावर डोळे वटारून काही निघत नाही, त्याला बोलू द्यावं.

"म्हातारी रिक्षानं आली," तो म्हणाला. "अंगठा उठवला, डोईच्या केसाला पुसला, पाणी पिऊन गेली."

शाईचा अंगठा केसाला पुसायची आपल्याकडे सवयच आहे. पण लातूरला चाललेल्या कर्करोगाच्या उपचारांत म्हातारीचे सगळे केस मरणाच्या महिनाभर आधीच गेले होते. सुनेच्या जबाबात तसं होतं. हा अंत्यदर्शनाला आला तेव्हा प्रेताचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता.

मी एवढंच विचारलं, "कुठल्या केसाला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि कबूल केलं. सून बाहेर पाणी तापवत असताना त्याने प्रेताजवळ बसून काम उरकलं होतं.

"हात लई गार व्हता, साहेब. पहिला अंगठा उठलाच न्हाई. दुसऱ्या कागदावर दाबून घ्यावा लागला."

पुसट ठशाचा तो पहिला कागद त्याने दुकानातून काढून दिला, आम्ही पंचनामा केला. पुढे त्याचा परवाना गेला, घर बाईकडे राहिलं.

सावकाराने काय काय लिहून ठेवावं हे कायद्यात बारकाईने दिलं आहे. तेव्हापासून चोख वही दिसली की मला आधी भीती वाटते.

आता दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी मी नांदेडच्या बँकेत यंत्रावर अंगठा ठेवतो. "झालं काका, तुम्ही हयात आहात," तिथली मुलगी हसून म्हणते. मीही हसतो. पण रांगेत उभा असताना मी तो अंगठा तळहातावर घासून गरम करत असतो.