द्रौपदाबाईंच्या पाच खुणा

ओतूरच्या बाहेर मनोरुग्णांचं वीस खाटांचं एक खाजगी रुग्णालय आहे. पिंपळवंडीच्या द्रौपदाबाई तिथं पंधरा वर्षं मावशी आहेत. पुरुषांच्या वॉर्डातला कुणीही संडासाकडं निघाला की या त्याच्या मागं जातात, दाराशी उभ्या राहतात आणि तो बाहेर आला की आत जाऊन बघतात. पेशंट चिडतात, नव्या नर्सा हसतात. हसू देत. त्यांना भागू ठाऊक नाही.

भागू घोडेगावच्या वरच्या डोंगरातला, भात-नाचणी करणारा. त्याच्या कानात आवाज यायचे आणि ते त्याला कड्यावरून उडी मार म्हणायचे. दोन औषधं वाया गेल्यावर डॉक्टर वैजयंती मॅडमनी नवी गोळी सुरू केली आणि द्रौपदाबाईंना बजावलं, "मावशी, हिनं आतडी मंदावतात. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर मला लगेच फोन करायचा. हयगय नको."

हयगय तर त्यांच्या गावीही नव्हती. उशी लाळेनं किती भिजली, उठताना चक्कर आली का, सगळं त्या तक्त्यावर लिहीत. हळूहळू आवाज थांबले. भागू चक्क हसायला लागला. मॅडम म्हणाल्या, "सोमवारी घरी."

राहिला संडासाचा रकाना. आत नळ असूनही भागू रोज सकाळी घरून आणलेलं टमरेल घेऊनच निघायचा. टमरेल घेऊन निघालेल्या पुरुषाला बाईनं हटकायचं नसतं, त्याच्याकडं बघायचंही नसतं, हे द्रौपदाबाई लहानपणीच शिकलेल्या. त्या मान वळवायच्या आणि तक्त्यावर खूण करायच्या. त्या शेवटच्या आठवड्यातही अशा पाच दिवसांच्या पाच खुणा झाल्या.

रविवारी भागूचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हिरवी उलटी झाली. तेव्हा कुठं तो कण्हत बोलला, "पाच दिस एकदा बी झाली न्हाई. त्या दाराला कडी न्हाई, नुसता बसून यायचो. सांगितलं असतं तर सोमवारी धाडलं नसतं ना तुमी."

पुण्याला नेईपर्यंत आतडं सडलं होतं. भागू वाचला नाही.

त्याचे कपडे न्यायला बायको आली, इंद्रायणी. द्रौपदाबाईंचे हात धरून म्हणाली, "तुमी त्यांचं समदं बघत व्हता, बाई. लई उपकार झालं."

इथं गप्प बसता आलं असतं. तक्ता साक्षीला होता. पण द्रौपदाबाईंनी हात सोडवून घेतले.

"न्हाई गं बाई. तेवढंच बघितलं न्हाई मी. टमरेल दिसलं की मान वळवायची."

इंद्रायणीनं सदऱ्याची घडी घातली. मग म्हणाली, "बाईमाणूस आणखी काय करणार? मी बी वळवलीच असती."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यात शेवटी तिनं टमरेल उचलून पिशवीत ठेवलं, आणि द्रौपदाबाईंची मान सवयीनं पुन्हा वळली.