गाडा सुटल्यावर

परवा जुन्नरच्या एका कॉलेजात मला बोलावलं होतं. गेम बनवू पाहणाऱ्या नव्या मुलांना चार गोष्टी सांगा, म्हणाले. पहिल्याच बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, सुरुवात कुठून करायची?" बाई गं, आधी झोप काढून घे, असं अगदी तोंडावर आलं होतं. मी थकलेय. एकटीनं गेम करायचा म्हणजे चित्रं आपण काढायची, कोड आपण लिहायचा, आवाज आपण भरायचे आणि "अजून झालं न्हाई व्हय?" हे शेजारणीचं विचारणंही आपणच ऐकायचं. त्या मुलीला मी गुळमुळीत उत्तर दिलं: छोटा गेम करा, पूर्ण करा, लवकर लोकांच्या हातात द्या. खोटं नाही ते. पण खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

पुण्यातली नोकरी सोडून मी आमच्या गावी, पिंपळवंडीला आले ती बैलगाड्याचा गेम करायला. आमच्याकडं शर्यत घाटाच्या चढावर होते. एका वेळी एकच गाडा, तो किती सेकंदांत चढतो ते मोजायचं. चार बैल जुंपायचे, पुढं घोडी पळवायची, आणि गाड्यावर माणूस नाही. वर्षभर बैलाला खाऊ घाला, चोळा, फिरवा. एकदा सोडला की तुमचं काम संपलं.

मी मात्र पळत्या बैलांना सावरायला दोन बटणं दिली होती. खेळणाऱ्याला सतत काहीतरी करायला हवं, असं मी शिकून आले होते. गेममध्ये पैसे घालू म्हणणाऱ्या शहरातल्या कंपनीला ती बटणं भारी आवडली. त्यांचं म्हणणं, गाड्यावर गाडीवानही बसवा, त्याच्या हातात कासरा द्या. सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या झाल्या असत्या तर माझं पोट माझ्याच गेमवर चाललं असतं.

सह्या होण्याआधी डिंगोरे गावातल्या माझ्या दोन चुलतभावांना गेम खेळायला दिला. गड्यांनी बैलांना मन लावून चारलं, शिंगं रंगवली, घाटात आणले. गाडा सुटला आणि थोरल्याचे दोन्ही हात वर! "भिर्रर्र!" फोन मांडीवरून खाली. बटणं कोण दाबणार? बैल भरकटले, बारी म्हणजे पळायची ती पाळी वाया. धाकट्यानंही तेच केलं.

"अरे, फोन धरा की हातात!" मी ओरडले.

"अगं ताई, गाडा सुटल्याव फोन कोन धरून बसतंय?" थोरला म्हणाला. "हात जात्यातच वर."

मला हसू आलं नाही. मी बटणं मोठी केली, लाल केली, फोनला थरथरायला लावलं. हात काही खाली येईनात. शेवटी वैतागून एका फोनात बटणं काढूनच टाकली आणि तो ओट्यावर ठेवून दिला.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तोवर गेमकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यांचा तुटक्या शिंगाचा शेवटचा बैल गेला तेव्हापासून त्यांनी घाट सोडला होता. यात्रेच्या दिवशी मुद्दाम काहीतरी काम काढून मंचरला जायचे. त्या दुपारी मी कंपनीचा करार उघडून बसले होते, तेव्हा त्यांनी तो फोन उचलला.

"ह्यो आपला हाय का गं?" बैलाचं तुटकं शिंग बघून त्यांनी विचारलं.

"हो, अण्णा."

त्यांनी त्याला सावकाश चारलं, पाणी पाजलं. घाटात आणल्यावर गाडा रोखणारा अंगठा कितीतरी वेळ पडद्यावर तसाच दाबून राहिले. मग सोडला. आणि अण्णांचे हात वर गेले. फोन हातातून सुटून खाली फरशीवर आपटला, काच तडकली, अंधार. अण्णा हात वर करून तसेच उभे.

"सेकंद किती आलं?"

"दिसलं नाही, अण्णा."

"ऱ्हाऊ दे. पळाला ना?"

"पळाला."

मला रडू आवरेना. डोळे पुसून मी कंपनीला लिहिलं: गाडीवान बसणार नाही, बटणंही राहणार नाहीत. त्यांचं पुन्हा काही आलं नाही. गेम थोड्याच लोकांनी घेतला. गाडा सुटल्यावर काही दाबताच येत नाही, गेम मध्येच अडकतो, अशी काहींनी तर तक्रार केली. मी आता दिवसभर दुसऱ्यांचे गेम दुरुस्त करते, आणि कधीकधी त्या दुपारचा मनापासून राग येतो.

यंदा मात्र यात्रेला अण्णा मंचरला गेले नाहीत, घाटात गेले. भंडाऱ्यानं पिवळे होऊन परत आले आणि चप्पल काढता काढताच मला म्हणाले, "तुझ्या गेमातली घोडी लई हळू पळती. घाटात दावला तर हासत्यात लोकं. नीट कर तिला."

मी दमले होते. तरी लॅपटॉप उघडला.