अर्ध्या किमतीचं बिल

मी इंग्रजी शाळेत शिकले, त्याची वसुली घरात अजून चालू आहे. इंग्रजी कागद आला की मला हाक येते. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि त्यात वाईट काही असलं तर ते जणू मीच लिहिलंय अशी नजर सहन करायची.

तो कागद मुंबईच्या कोर्टातल्या दाव्याचा होता. पप्पा आणि काका सिन्नरच्या एमआयडीसीत शेंगा फोडायची मशीन बनवतात. त्यातल्या दोन आफ्रिकेत, मोंबासाला निघाल्या होत्या. बंदर सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली. आमचा कंटेनर जळाला. विमा नव्हता. "जहाज त्यांचं, जबाबदारी त्यांची," असं पप्पा म्हणाले होते.

आता जहाजाचा मालकच कोर्टात गेला होता. त्याचं म्हणणं असं: आग खलाशांच्या चुकीने लागली, माझ्या नाही. म्हणून माझी जबाबदारी कायद्याप्रमाणे जहाजाच्या आकारावरून ठरवा. तेवढी रक्कम मी कोर्टात भरतो, नुकसान झालेल्या सगळ्यांनी त्यातच वाटे घ्यावेत. आम्ही आमचा दावा शपथेवर, मुदतीत लावायचा होता.

"माल किती जळाला ते सोडून जहाज केवढं ते मोजणार?" काका म्हणाले. "नीट वाच. शाळेची एवढी फी भरली ती कशाला?"

"नीटच वाचलंय."

पप्पांनी गाठलेल्या वकीलबाईंनीही तेच सांगितलं. मालकाने स्वतः जाणूनबुजून बेफिकिरी केली हे सिद्ध झालं, तरच ही मर्यादा मोडते. ते इथे नाशिकमध्ये बसून आम्ही कसं सिद्ध करणार? त्या न पाहिलेल्या माणसाचा मला आलेला राग आजही तसाच आहे. त्याच्या कागदात कुठेही वाईट वाटल्याचं एक वाक्य नव्हतं.

मग वकीलबाईंनी मशीनचं बिल मागितलं; दावा त्यावरच्या किमतीएवढाच लागणार होता. ते बिल मीच टाइप केलं होतं. तिकडे कस्टम ड्युटी कमी बसावी म्हणून मोंबासाच्या गिऱ्हाईकाने फोनवर सांगितलं होतं, किंमत निम्मी दाखवा. "पप्पा, हे निम्मंच आहे," मी तेव्हा म्हटलं होतं. "तेवढंच लिहायचं असतं. सगळेच लिहितात," ते म्हणाले. मी लिहिलं.

घरी आल्यावर पप्पांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "नवीन बिल कर. तारीख जुनी टाक, किंमत खरी लिही."

"जुनं बिल बंदरावर दिलंय. जहाजवाल्याकडे कॉपी असणार."

"खरी किंमत लिही म्हणतोय. खोटं कुठे सांगतोय?"

"खरी किंमत तेव्हा लिहायची होती."

मी एवढं मोठ्याने कधी बोलत नाही.

"घ्या दादा," काका म्हणाले. "जहाजवाल्याचा वकील घरातच निघाला."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" पप्पांनी विचारलं.

मी लॅपटॉप बंद केला. कोणाच्याच नव्हते. त्या मालकाला नाव ठेवणारी ही दोन माणसं त्या क्षणी मला त्याच्यासारखीच दिसत होती, आणि बिलावरची अक्षरं माझीच होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पप्पांनी जुन्याच बिलावर शपथपत्र केलं. निम्म्या किमतीचा दावा, आणि त्यातलाही जो वाटा येईल तो. सही करताना त्यांनी माझं पेन घेतलं नाही, वकीलबाईंकडे मागितलं.

त्यानंतर मला हाक येत नाही. कोर्टाचा कागद आला की पप्पा मोबाइलने फोटो काढतात आणि मोबाइल मराठीत वाचून दाखवतो. परवा त्याने 'सुनावणीची तारीख पुढे गेली' याऐवजी 'दावा फेटाळला' असं काहीतरी सांगितलं; चूक काल वकीलबाईंच्या फोनवरून कळली. पप्पांनी मोबाइलला तेच पुन्हा वाचायला लावलं. काका "बघा, काही हाती लागणार नाही म्हटलं होतं" असं पुटपुटत उठून गेले.

मी आतल्या खोलीत होते. कागद टेबलावरच पडला होता. वाचायला मला एक मिनिट लागलं असतं. मी उठले नाही.