ग्रहणात दारात आलेली गाडी

दिवाळीतलं सूर्यग्रहण होतं आणि मला आठवा महिना. शाळेत चेंडू आणि बॅटरी घेऊन पोरांना ग्रहण शिकवणारी मी, कवठे महांकाळजवळच्या आमच्या घरात दार-खिडक्या लावून पाटावर बसले होते. आडवं व्हायचं नाही, काही चिरायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. हसू नका. पोटात जीव असला की सगळं शिक्षण चुलीत जातं.

त्यात सूर्य ग्रहणातच बुडणार होता, म्हणजे ग्रहण सुटलेलं दिसणारच नव्हतं. "मग सकाळचा सूर्य बघूनच उठायचं," असं आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ठरवून टाकलं. त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

डोकं दुपारपासून ठणकत होतं. मग डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. हात सुजून बांगड्या रुतल्या होत्या. उपकेंद्रातल्या सिस्टरनी मागेच बजावलं होतं, "बीपी वाढलंय तुमचं. डोकं दुखलं, अंधारी आली की थांबायचं नाही. झटके येतात, बाई जाते, बाळही जातं." तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आता त्या बंद खोलीत तेवढंच ऐकू येत होतं. मी पदराआड मोबाईल धरला आणि गावातल्या आशा सेविकेला, आशाताईंना, बोलावलं.

त्या गाडी घेऊनच आल्या. बाळंतपणासाठी बायकांना फुकट नेणारी सरकारी गाडी थेट आमच्या दारात उभी राहिली. सरकारचं काम उंबऱ्यापर्यंत झालं होतं. उंबऱ्यात आत्या होत्या.

"गिराण सुटू दे, मग न्या."

"आवं काकी, तवर काय झालं म्हंजी?" आशाताई म्हणाल्या.

"मला नगं शिकवू. माझी पैली पोर गिराणानंच नेली. भरल्या पोटानं वैरण कापली मी, कुणी अडवलं न्हाई. अवेळी कळा आल्या. बैलगाडीतनं तालुक्याला नेईस्तवर वाटंतच गेली."

हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. आत्या दाराची चौकट सोडत नव्हत्या. मी त्यांना हट्टी समजत होते. त्या तर माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या. त्यांना बघून माझं उरलंसुरलं अवसान गळालं. पोटातलं बाळ हलायचं थांबलंय असं वाटायला लागलं. मी उठायला गेले तर समोरचं दार दिसेना.

"आत्या, मला दिसत न्हाई," मी ओरडले.

आत्यांनी दांडीवरचं घोंगडं ओढलं आणि मला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. "उजेड लागू द्यायचा न्हाई," असं म्हणत त्यांनीच मला धरून गाडीत चढवलं. वाटभर त्या घोंगड्याच्या कडा माझ्याभोवती दाबत होत्या. आत माझा श्वास कोंडत होता. झटका आला तर घोंगड्याआड कुणाला कळेल का, एवढाच विचार मनात घोळत होता. मी पोटावर हात ठेवून बाळाला सारखी विनवत होते, एकदा हल, एकदाच हल.

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात पोचल्या पोचल्या इंजेक्शन दिलं, मग ऑपरेशन झालं. मुलगी झाली, मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. हे सगळं सरकारी खर्चानं झालं.

ती धोक्याबाहेर आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आत्यांनी पेटीशी वाकून तिचे ओठ, कान, बोटं एकेक करून तपासली. कुठंही ग्रहण लागलेलं नव्हतं. मग त्यांनी सिस्टरला विचारलं, "बाई, ही गाडी पैल्यापासनं हाय व्हय?"

"नाही आजी, अलीकडची."

"माझ्या वक्ताला नव्हती?"

"तुमच्या वेळी कुठली गाडी!"

आत्या माझ्या खाटेवर येऊन टेकल्या.

"मग ती गिराणानं न्हाई गेली," त्या म्हणाल्या. "गाडी नव्हती म्हणून गेली."

आणि त्या ग्रहणात वैरणीचा विळा धरलेला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्या रडायला लागल्या.