भुतांच्या रांगेत एक लाल मग

बाबांनी खेळण्यातला ठोकळा आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला तो आयर्लंडमधल्या लिमरिकच्या आमच्या स्वयंपाकघरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. माझ्या लेकीने फरशीवर पसारा मांडला होता आणि चहाचा कप घेऊन येताना त्यांच्या अनवाणी पायाखाली एक ठोकळा आला. हा प्रसंग ज्याच्यावर ओढवलाय त्याला तोंडातून काय निघतं ते सांगायला नको.  बाबांनी मात्र कप ओट्यावर ठेवला, वाकून तो लाल ठोकळा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि अंगठ्याच्या नखाने त्याची कड तपासली. दुसरा उचलून त्यावर बसवला, काढला, परत बसवला. टक् असा आवाज ऐकून स्वतःशीच मान हलवली. मग म्हणाले, "ही डाय ज्याने बनवली त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं."

बाबा डाय फिटर. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं त्यांनी पोलादाचे साचे बनवले. वितळलेलं प्लास्टिक त्या साच्यात शिरतं आणि वस्तू होऊन बाहेर पडतं. बादल्या, डबे, झाकणं, विजेच्या बटणांची खोकी, काय वाट्टेल ते. साचा केसभर चुकला की डब्याला झाकण बसत नाही, म्हणून शेवटचा हात कानसीने आणि पॉलिश पेपरने मारायचा, आणि तो बाबांचाच असायचा. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर त्यांनी तिथेच एका प्रेसखाली दिलं.

आता माझे पराक्रम सांगते. सातवीत असताना शाळेत पालकांची सभा होती. मी बाबांना सांगितलं की हात पँटच्या खिशात ठेवा. मैत्रिणींचे वडील बँकेत नि कॉलेजात होते, आणि माझ्या बाबांच्या नखांतलं काळं ग्रीस साबणाने जायचं नाही. त्यांनी ठेवले हात खिशात. तासभर ठेवले, बाईंनी नमस्कार केला तेव्हा नुसती मान लववली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लिहितानाही माझं तोंड कडू होतंय.

माणूस मोठा झाला की सुधारतो म्हणतात, पण मी कुठली सुधारायला! आई जाऊन वर्ष होत आलं होतं म्हणून २०२० च्या फेब्रुवारीत आम्ही बाबांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मार्चमध्ये कोरोनाने विमानं बंद झाली आणि ते अडकले. त्याच आठवड्यात शेजारच्या म्हातारबुवांनी मधल्या बुटक्या भिंतीवरून ओळख करून घेतली. आपण सारा जन्म बस चालवली, कॉर्क शहराच्या रस्त्यावर झोपेतही चालवीन, हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला छाती काढून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुमचे वडील काय करायचे? बाबा माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणाले, रिटायर्ड इंजिनिअर आहेत.

घरात आल्यावर बाबांनी शांतपणे विचारलं, "मी कधी झालो गं इंजिनिअर?" मी म्हटलं, इथे लोकांना तेवढंच कळतं, सोपं पडतं सांगायला. त्यांनी परत विषय काढला नाही. पण म्हातारबुवा बाहेर दिसले की बाबा पुढच्या अंगणात जायचे बंद झाले. एकदा बिचाऱ्या माणसाने इंजिनिअर समजून आपल्या बॉयलरच्या आवाजाबद्दल विचारलं, तर बाबा कानकोंडे होऊन आत निघून आले. खोटं निभावणं त्यांच्या रक्तात नाही, ते खातं माझ्याकडे. आणि त्यांचे हात सतत स्वेटरच्या खिशात असायचे. इथे थंडीने सगळ्यांचेच असतात, म्हणून मला कितीतरी महिने ते कळलंच नाही.

ऑक्टोबरात परत सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. हॅलोविनला, म्हणजे इथल्या भुतांच्या सणाला, पोरं दारोदार जाऊन गोळ्या-चॉकलेटं मागतात, ते यंदा नाही. मग आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर ठरलं की प्रत्येक घराने दारात किंवा खिडकीत घरी बनवलेलं काहीतरी टांगायचं, आणि सणाच्या शनिवारी दुपारी आपापल्या आई-बापांबरोबर पोरांनी लांबूनच बघत, मोजत फिरायचं. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. अख्खा उन्हाळा तिने ठोकळ्यांत काढलेला. तिने बोटभर उंचीच्या बारा वस्तू बनवल्या. पांढरी भुतं, काळी वटवाघळं, नारिंगी भोपळे, एक सांगाडा आणि एक आठ पायांचा कोळी, ज्याचे दोन पाय निळे होते कारण काळे ठोकळे संपले. इतकं गोड काम की मला राहवेना. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं की आमच्या दारात सगळं ठोकळ्यांचंच असेल, नक्की बघायला या. ग्रँड, ग्रँड, म्हणजे इथलं मस्त, असं म्हणत सगळ्यांनी अंगठे उंचावले. मी दिवसभर फुगून फिरत होते.

गुरुवारी आम्ही दोरे बांधून सगळं पोर्चच्या दांडीला टांगलं. नदीकडून वारा आला आणि तासाभरात कारभार आटोपला. दोऱ्यांना वरच्या ठोकळ्यांच्या नुसत्या टोप्या लोंबत होत्या, धडं खाली सिमेंटवर फुटून गाडीखाली, कुंड्यांमागे, गटाराच्या जाळीपाशी. लेक गुडघ्यांवर बसून वेचत होती. रडत नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. भिंतीपलीकडून म्हातारबुवा बघत होते.

माझं डोकं फिरलं की मी घाई करते. मी ड्रॉवरमधून भारतातून आणलेली गोंदाची ट्यूब काढली, ती बोटंसुद्धा चिकटवते. लेक म्हणाली, गोंद चालणार नाही, चिकटवलं की ते ठोकळे राहतच नाहीत. मी म्हटलं, मग शनिवारी लोकांना काय टोप्या दाखवू? तेव्हा दारातून बाबा बोलले. आवाज चढला नव्हता, पण फेब्रुवारीपासून तो आवाज मी ऐकला नव्हता. "ज्याला बसवता येत नाही त्याने गोंद लावावा. ठेव ती ट्यूब."

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. मी पोटमाळ्याच्या खोलीत कामाच्या मीटिंगांमध्ये, आणि खाली जेवणाच्या टेबलावर बाबांचं वर्कशॉप. त्यांनी आधी एक तास काहीच बनवलं नाही, नुसतं जोडून ओढून पाहिलं. मग नातीला समजावलं. ती इंग्रजीत विचारत होती, ते मराठीत सांगत होते, आणि दोघांचं कुठेच अडत नव्हतं. चूक टांगण्यात होती. आम्ही दोरा वरच्या ठोकळ्याला बांधला होता. मग खालचं सगळं वजन त्या जोडाला ओढतं, वारा हिसके देतो, जोड सुटतो. हे ठोकळे दाबलं तर हत्ती झेलतील, पण सरळ ओढलं तर पोरही काढतं, त्यासाठीच बनवलेत ते. म्हणून टांगायचं नाही, ओवायचं. झेंडूच्या माळेसारखं. मधोमध आरपार भोक असलेले गोल ठोकळे असतात, त्यांचा कणा करायचा, दोरा त्यातून खालपर्यंत न्यायचा आणि तळाच्या चपट्या ठोकळ्याखाली गाठ मारायची. मग प्रत्येक ठोकळा खालच्यावर बसतो आणि सगळं वजन गाठीवर येतं.

शिवणाचा दोरा कडांना घासून तुटायला लागला. दुपारी भिंतीवर एक लहान डबी आणि रीळ ठेवलेलं दिसलं. म्हातारबुवांचं मासेमारीचं सामान होतं ते, पारदर्शक दोरा आणि पितळेच्या इवल्याशा कड्या. कडी लावली की खालची वस्तू वाऱ्यात कितीही फिरली तरी दोऱ्याला पीळ पडत नाही. बाबांनी ती कडी भिंगातून पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मीटिंगचा कॅमेरा बंद करून पाणी घ्यायला उतरलेली मी जिन्यातच उभी राहिले. त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते अर्धं बोट ठोकळ्याची कड जशी चाचपत होतं तशी माझी दहा धड बोटं चाचपू शकत नाहीत. मला इतका अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी इतकी लाज, की दोन्हींपैकी कशाने डोळे भरले ते सांगता यायचं नाही.

संध्याकाळी मी खाली आले तर बारांच्या शेजारी एक तेरावी वस्तू होती. अंगठ्याएवढा लाल मग, कान असलेला, आपल्याकडे प्रत्येक न्हाणीघरात बादलीत तरंगतो तसा. कामाच्या ओघात लेकीने विचारलं होतं की आबा, तुम्ही सगळ्यात पहिली वस्तू कुठली बनवलीत? एकट्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत केलेली त्यांची पहिली डाय मगाची होती. म्हणून तिने मग बनवला, आणि तो भुतांच्या रांगेत मधोमध टांगणार होती.

मी नको म्हटलं. हॅलोविनला न्हाणीतला मग कुठे शोभतो, लोक हसतील, असं काय काय बोलले. खरं कारण मला ठाऊक होतं. लोक विचारतील, हे काय? आणि मग सांगावं लागेल. बाबा माझ्याकडे न बघता दोरा गुंडाळत होते. "राहू दे," ते नातीला म्हणाले, "आईला नको असेल तर राहू दे." त्या एका वाक्याने मी पुन्हा सातवीतली झाले. मी वर निघून गेले.

शनिवारी सकाळपासून वारा नुसता पिसाटला होता. समोरच्या घरातला कागदी सांगाडा उडून झुडपात अडकला, कुणाचा तरी पुठ्ठ्याचा भोपळा रस्त्याने पळाला. आमच्या पोर्चमध्ये बारा जण गरगर गरगर फिरत होते, आणि एकाचाही ठोकळा हलला नाही. रांगेत मधोमध तेराव्याची जागा रिकामी होती. लेकीने ती सोडली होती आणि मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. तो लाल मग जेवणाच्या टेबलावर पडून होता. मीच तो उचलला, स्टुलावर चढले आणि टांगला. गाठ जमेना, तर बाबांनी येऊन मारून दिली.

दुपारी लोक फिरायला लागले. आमच्या फाटकापाशी सगळेच थांबायचे, कारण या वाऱ्यात एवढं सगळं जागच्या जागी दुसऱ्या कुठल्याच दारात उरलं नव्हतं. पोरं मोठ्याने मोजत होती, निळ्या पायांच्या कोळ्याला हसत होती, आणि माझी लेक पायरीवर उभी राहून कंबरेवर हात ठेवून कणा आणि गाठ समजावून सांगत होती. बाबा आत, उघड्या दाराच्या मागे खुर्चीवर बसलेले. हात खिशात.

म्हातारबुवा भिंतीला टेकून बघत होते. आपल्या कड्या पाहून खूश झाले. मग त्यांनी बोट दाखवून विचारलं, तो लाल कप कसला? आणि पुढे स्वतःच हसत म्हणाले, इंजिनिअर घरात असला की असं काम होतं, नाही का.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. फाटकापाशी दोन कुटुंबं उभी होती, दोन्ही माझ्या कामातल्या ओळखीची. दारामागे खुर्ची करकरली नाही, बाबा अगदी स्तब्ध बसले होते, म्हणजे ऐकत होते.

"ते इंजिनिअर नाहीत," मी म्हणाले, घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. माझे वडील डाय फिटर आहेत. आमच्याकडे न्हाणीघरात असा मग असतो, त्याचा साचा त्यांनी हाताने घासून बनवलाय. मी त्याच मगाने अंघोळ करत लहानाची मोठी झाले."

 म्हातारबुवांनी टोपी काढली आणि म्हणाले, मग त्यांना बाहेर बोलवा की, मला कधीपासून कुणी हाताने काम करणारा माणूस भेटला नाहीये.

बोलवावं लागलं नाही. बाबा दारात आलेच होते. माझ्याजवळून जाताना थांबले, हळूच म्हणाले, "फिटर म्हणालीस ना?" मी मान हलवली.  ते पायरी उतरले, हिरवळ ओलांडून भिंतीपाशी गेले आणि मार्चनंतर पहिल्यांदा आपणहून त्या माणसासमोर उभे राहिले. इंग्रजी त्यांचं कामापुरतं. साच्यात किती फरक चालतो ते शब्दांत सांगता येईना, म्हणून त्यांनी खिशातून डावा हात बाहेर काढला, अंगठा आणि ते अर्धं बोट एकमेकांजवळ आणलं, उजेड दिसेल न दिसेल इतकी फट ठेवली, आणि तो हात उंच धरला, फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसेल असा.