राजा झालेली आई

तोंडाचा रंग काढायला लेकीने आज खोबरेल मागितलं आणि त्या वासाने मी थेट मसुऱ्यातल्या एका दुपारी पोचले. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, मी कणकवलीच्या कॉलेजात होते.

दशावतारात बाईचं कामही पुरुषच करायचे. आमच्या वाडीतल्या बायकांनी तेव्हा पहिल्यांदा नाटक बसवलं आणि राजा झाली माझी आई, बाजारात मासे विकणारी. ती रंगमंचावर उभी राहताच मागून एक जण ओरडला, "राजा, बांगडे कशे दिलंस गो?"

सगळे हसले. आई आता खाली उतरली असती, तर पुन्हा कुणी बाई वर चढली नसती.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, आयत्या वेळी सुचतील तसे बोलायचे. आईने मिशीवरून बोट फिरवलं. "प्रधानजी, ह्या प्रजेक बसाक सांगा. दरबार उठलो की बाजार भरतलो."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी आईच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी बाजारात तोच माणूस आईच्या टोपलीपुढे उभा. "राजानू, बांगडे देतास मां?"

आईच्या कानामागे रंग तसाच होता. "देतंय. दरबार उठलो."

घरातली पहिली पदवी माझी, पण पहिला मुकुट आईचा. आज नाटकात लेकही राजाच झाली होती. बांगड्यांचा भाव कुणी विचारला नाही.