मधली ओळ

गणपतीनंतरच्या रविवारी सकाळी, चर्चमधल्या पहिल्या मिस्साहून परतल्यावर, वडिलांनी भुईगावच्या आमच्या वाडीतल्या जाळीघरातली कपाशीची मधली ओळ उपटली आणि केळीपलीकडे नेऊन जाळली. घरी आई आणि मी होतो. धाकटी बहीण पापडी गावच्या बाजाराला गेली होती.

जाळीघर बहिणीचं. ती जालन्याच्या एका बियाणे कंपनीत किडींवर काम करते. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती एका हंगामापुरती घरी आली, आणि कंपनीने चाचणी इथेच घ्यायला परवानगी दिली. आमची दमट हवा तुडतुड्यांना मानवते. हे बारीक हिरवे किडे पानाखालून रस शोषतात. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, मग लाल होतात, पान खाली वळतं. ज्या वाणांच्या पानांवर दाट लव असते, तिथे त्यांना अंडी घालणं जड जातं. अशा लवदार वाणांच्या मधोमध तिने गुळगुळीत पानांचं, हमखास बळी पडणारं एक वाण लावलं होतं. ते खाल्लं गेलं तरच बाकीची झाडं स्वतःच्या बळावर टिकली असं म्हणता येणार होतं. शेवटची मोजणी सोमवारी होती. त्यानंतर ती जालन्याला परतणार होती.

तोवर तिचे नियम होते. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पिवळा सदरा घालून आत यायचं नाही, पिवळ्याकडे किडे ओढले जातात. वाडीत कुठेही फवारणी नाही, आईच्या वांग्यांवरसुद्धा नाही. जाळीत उभं राहिलं की समुद्र ऐकू यायचा, पण वारा लागायचा नाही. बहीण दिवसाचा बराच वेळ तिथे पानं उलटी करत बसायची.

वडिलांनी आयुष्यभर केळी केली. मावा केळीत पर्णगुच्छाचा रोग पसरवतो. तो रोग एखाद्या झाडावर दिसला की ते झाड त्याच दिवशी कंदासकट काढायचं, ही आमच्याकडची रीत. उशीर झाला तर शेजारी बांधावरून ऐकवतात. मधली ओळ वडिलांना रोज जाळीतून दिसत होती.

बहीण परतली, पिशवी ओट्यावर ठेवून आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"बाबा, मधली ओळ?"

"काढली. पार गेलेली, बाय. बाकीच्यांना कीड लागली असती."

"कीड लागायलाच लावली होती ती ओळ."

"मरायला लावलंस झाड?"

"हो."

आई खाटेवरून म्हणाली, "तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"फवारू नका म्हणाली होती. मी फवारलं नाही."

बहिणीने जळालेल्या जागी जाऊन पाहिलं. मोजता येईल असं एकही पान उरलं नव्हतं.

सोमवारी तिने वरिष्ठांना फोन केला. बाकीची झाडं टिकली, की त्यांच्यावर किडे पुरेसे आलेच नाहीत, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, सांगता येत नाही. चाचणी रद्द झाली. ती पुढच्या पावसाळ्यात, त्याच जाळीघरात पुन्हा घ्यायची ठरली. जालन्याच्या प्रयोगशाळेतली तिची जागा तोवर दुसऱ्याला देण्यात आली.

दिवाळीपर्यंत आई काठीशिवाय विहिरीपर्यंत जाऊ लागली. त्यानंतर बहिणीने जालन्याची खोली सोडली. सामान टेम्पोने आलं. वडिलांनी ते माळ्यावर चढवलं.